मुलगी इंटरनॅशनल शाळेत पहिलीला आहे, नक्की काय यायला पाहिजे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात वडगावला असतो. मोठी मुलगी यंदा पहिलीत आहे, शाळेचं नाव लिहीत नाही, बोर्डावर इंटरनॅशनल आहे एवढं पुरे. दिवाळी होऊन गेली तरी दप्तरात धड एक पुस्तक नाही की होमवर्क नाही, विचारलं की मॅडम म्हणतात 'इन्क्वायरी' चाललीय. सासूबाई संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन बसतात, एबीसीडी म्हण म्हणतात, तर ही स्स, अ‍ॅ, ट् असे नुसते आवाज काढते, की सासूबाईंची नजर माझ्यावर, ह्यासाठी एवढी फी भरली काय गं! जाऊबाईंचा मुलगा गल्लीतल्या शाळेत पहिलीलाच आहे, तो दोनाचा पाढा घडाघडा म्हणतो आणि हिला वीसच्या पुढचं विचारलं की गडबडते. पण परवा गणपत गल्लीत भाजीवाल्या मावशींना, मेथी कुणाच्या शेतातली, पाऊस नाही पडला तर येते काय, असलं विचारत बसली, मावशी कन्नडमधून सांगायला लागल्या तरी हिला बरंचसं कळत होतं. म्हणजे काहीतरी शिकतेय, पण काय ते मला कळेना.

वर्षाअखेरीस काय यायला पाहिजे ते कुणीतरी सरळ सांगा. आणि घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि कन्नड, असं तिन्ही एकदम झेपतं काय?

निपाणीकरीण: ताई, मी लग्नाआधी पुण्यात केंब्रिज ह्या परदेशी बोर्डाच्या शाळेत प्रायमरीला शिकवत होते. ते आवाज म्हणजे फोनिक्स, अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवायची पद्धत, काळजी नको. जॉली फोनिक्समध्ये ४२ आवाज असतात, सुरुवात स, अ‍ॅ, ट, इ, प, न ह्या आवाजांनी. अक्षरांची नावं मागाहून, आधी आवाज जोडून सॅट, पिन असे शब्द वाचायचे. सासूबाईंना म्हणावं, एबीसीडी नको, 'टिन' लिहून पुढं ठेवा आणि वाचते काय बघा.

केंब्रिज प्रायमरीत पहिल्या स्टेजला, म्हणजे पहिलीला, गणित वीसपर्यंतच असतं, पण ते हाडात मुरवतात. दहा चिंचोके घ्या, चार वाटीखाली लपवा, बाहेरचे सहा बघून आत किती ते विचारा. न मोजता चार म्हणाली तर पोरगी बरोबर चाललीय, पाढा नाही आला तरी चालतंय. घड्याळात पूर्ण तास आणि साडे, सायन्सला सजीव-निर्जीव, वस्तू ढकलणं-ओढणं, एवढं धरून चाला.

शाळा आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हेही परदेशी बोर्ड) असेल तर तिथं पीवायपी हा प्रायमरीचा अभ्यासक्रम असतो, ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी. पहिलीपासून वर्षाला सहा मोठे विषय, 'आपण कोण', 'जग कसं चालतं' असले, आणि भाषा, गणित, विज्ञान त्यातच गुंफतात. मुलांनी प्रश्न विचारत शिकायचं, तीच मॅडमची 'इन्क्वायरी'. आयबी ठरावीक पुस्तक नेमून देत नाही, त्यामुळं दप्तर हलकं म्हणजे शिकवतच नाहीत असं नव्हे. मुलीचा पोर्टफोलिओ, म्हणजे वर्षभराच्या कामाची फाईल, दाखवा म्हणा, जूनचं काम आणि आत्ताचं काम शेजारी ठेवलं की फरक दिसायला पाहिजे. नाही दिसला तर मात्र भांडा.

खानापूरचा दादा: सगळं खरं, पण आधी शाळा खरंच त्यांच्याशी जोडलेली आहे काय ते बघा की ओ! आयबी आणि केंब्रिज दोघांच्या वेबसाइटवर शाळा शोधता येतात. नुसतं इंटरनॅशनल नाव लावून आत सीबीएसई शिकवणाऱ्या शाळा काय कमी आहेत? कन्नड तर राहणारच, २०१५ च्या राज्याच्या कायद्यानं शाळांना ते सक्तीचं केलंय, आणि इथं राहायचं तर यायलाच पाहिजे. पोरं तीन भाषा आरामात बोलतात, आपल्याकडं गल्लीत खेळूनच येतात. वाचायला मराठी मात्र शाळा शिकवणार नसेल तर घरीच बघावं लागतंय. आमच्यात आजोबा रोज पेपरातली मोठी हेडलाइन वाचून घेतात, पाच मिनिटं, जास्त नाही.

धागाकर्ती: चिंचोक्यांचं आत्ताच करून बघितलं, चार आणि सात बरोबर, तीनला अडकली. सासूबाईच आता वाटी सोडेनात! पण दादा, दोन्ही वेबसाइटवर आमच्या शाळेचं नाव सापडेना. शनिवारी पेरेंट मीटिंग आहे, पोरीला त्रास न होता प्रिन्सिपलना हे कसं विचारायचं, कुणी विचारलंय काय?