मदत हवी आहे: मेंढपाळ कुत्र्यांची वर्गवारी कशी करावी?

मंडळी, मुलांच्या मासिकासाठी मेंढ्या-गुरांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांवर लेख लिहितेय आणि वर्गवारीपाशी गाडी अडलीय. जाणकारांनी मदत करावी.

नावांवर विसंबता येत नाही. ऑस्ट्रेलियन शेफर्ड ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिम भागात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' शब्द नकोसा झाला, म्हणून जर्मन शेफर्डचा अल्सेशियन झाला. तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) मूळ नाव परत दिलं ते थेट १९७७ साली. शेटलंड शीपडॉग आधी शेटलंड कोली होता. कोली पाळणाऱ्यांनी हरकत घेतली आणि नाव बदललं.

म्हणून कामावरून गट पाडायला घेतले. बॉर्डर कोली लांबून वळसा घालून कळपाच्या पलीकडे जातो. मान खाली, अंग जमिनीलगत, नजर मेंढ्यांवर रोखलेली. सहसा भुंकत नाही. त्या नजरेनेच मेंढ्या हलतात. ही मुळात शिकाऱ्याची चाल. दबा, पाठलाग सगळं शाबूत, फक्त शेवटचा घाव माणसाने निवड करत करत मागे पाडलाय. मला हे फार विलक्षण वाटतं. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग गुरांच्या टाचेला चावे घेत त्यांना हाकतात. कॉर्गी बुटका असल्याने लाथ डोक्यावरून जाते. न्यूझीलंडचा हंटअवे भुंकून कळप पुढे रेटतो. इथवर ठीक.

खरा घोळ राखणदारांचा आहे. कांगल, मारेम्मा, कोमोंडोर हे कळप हाकतच नाहीत. पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढतात, त्यांच्यातच पडून राहतात आणि लांडगा आला की आडवे जातात. त्यांच्यात पाठलागाची ओढ असून चालणारच नाही. तरीही एफसीआय ही केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना मारेम्मा आणि कोमोंडोरला बॉर्डर कोलीच्याच पहिल्या गटात बसवते, कांगलला मात्र दुसऱ्या गटात! अमेरिकन केनेल क्लबकडे कोमोंडोर वर्किंग गटात आहे. मी अधिकृत यादी धरू की काम?

आणि जर्मन शेफर्डचं मूळ काम नेमकं कुठल्या गटात टाकू? तो ना नजरेने वळवतो, ना रात्री राखण करतो.

प्रतिसाद:
ताई, बिनधास्त काम धरा. केनेल क्लबांचे गट प्रदर्शनांना सोयीचे असतात, मुलांना त्यातून काही कळायचं नाही. राखणदारांना स्वतंत्र प्रकरण द्या.

जर्मन शेफर्डसाठीही वेगळा गट करा. कुंपण नसलेल्या शेतांमधून मोठा कळप चरायला न्यायचा, तेव्हा हा कुत्रा पिकाच्या कडेने सतत येरझाऱ्या घालतो आणि मेंढ्यांना हद्द ओलांडू देत नाही. चालतं-फिरतं कुंपणच. जर्मनीत या कामाची आजही एचजीएच नावाची परीक्षा होते. फ्रान्सचा बोसरोनही याच गटात घ्या.

ओल्ड इंग्लिश शीपडॉग मात्र नाव बघून मेंढ्यांकडे टाकू नका. गुरं आणि मेंढ्या दोन्ही बाजारापर्यंत हाकत नेणं हे त्याचं मुख्य काम होतं. त्याला कॉर्गीच्या शेजारी, हाकणाऱ्यांत ठेवा.