हॉलसाठी हस्तिदंती की बदामी?

सदाफुली
आमचा हॉल उत्तरेकडे, आत ऊन असं येतच नाही. खाली कोटा फरशी, सोफा तपकिरी. खूप छाटणी करून दोन शेड उरल्या आहेत: पिवळसर झाकेचा हस्तिदंती आणि जरासा गुलाबीकडे जाणारा फिका बदामी. शेड कार्डावर जुळी भावंडं! भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारून घेतले, तर हस्तिदंती चक्क लोण्यासारखा पिवळा दिसतोय. बदामी दिवसा सुरेख, पण संध्याकाळी ट्यूब लावली की मळकट. पेंटर म्हणतो, दोन्ही एकच. मला तसं वाटत नाही. मन बदामीकडे आहे.

घाटमाथा
हस्तिदंतीच घ्या. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड. त्याला पिवळी झाकच ऊब देते. आमच्या आतल्या खोलीला असाच बदामी दिला होता. पावसाळ्यात चार महिने भिंती राखाडी. तिसऱ्या वर्षी पुन्हा रंगकाम काढावं लागलं.

तिसरा मजला
मला हे पटत नाही. फरशीचा विचार कुणीच करत नाहीये. कोटा हिरवट-करडी असते, तिच्यावरून परतलेला उजेड भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर पडतो. पिवळ्यावर तो पडला की भिंत हिरवट दिसते, गुलाबी झाक ते सावरून घेते. मळकटपणा ट्यूबचा आहे, बदामीचा नाही. ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) निळसर पांढरा उजेड असेल. ३००० चे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दिवे लावून बघा.

घाटमाथा
दिवे रात्रीपुरते. दिवसभर घरात माणसं असतात त्यांचं काय? बरं ताई, पट्टे कशावर मारलेत? जुना रंग कोणता?

सदाफुली
फिका निळा.

घाटमाथा
मग हस्तिदंतीवर अन्याय झालाय. निळ्याशेजारी कुठलाही पिवळा भडकच दिसणार. पांढऱ्या जाड पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळू द्या, ओला रंग फिका दिसतो. मग भिंतीला लावून बघा.

सदाफुली
केलं. दोन दिवस पुठ्ठे हॉलभर फिरवले, ३००० चे दोन दिवेही आणले. सोफ्यामागे हस्तिदंती खरंच छान दिसतो, आधीचा भडकपणा गेला. पण फरशीला टेकवून ठेवला तर खालची वीतभर कड हिरवट. बदामी तिथेही स्वच्छ, नव्या दिव्यांत तर जास्तच. बदामी ठरला.

घाटमाथा
छत तरी पांढरं ठेवा. जुलैत पुन्हा बघा आणि इथे लिहा. माझं मत अजून तेच आहे.