'वन वीक'मधली माणसं एवढी तुरुतुरु का चालतात? वेग किती ठेवावा?

रीळवेडा: मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन याच्या 'वन वीक'च्या (१९२०) दोन प्रती यूट्यूबवर आहेत. एकीत साधं चालणंही तुरुतुरु, दुसरी बरीच संथ. मूळ वेग कोणता मानायचा? प्लेअरमध्ये वेग उतरवला तर गंमत जाते का?

सोळा_फ्रेम: तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. एका फेऱ्याला ८ फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं), सेकंदाला २ फेरे, म्हणजे सेकंदाला १६. बोलपटांनी २४ पक्क्या केल्या, म्हणून १६ नं चित्रित केलेलं २४ नं दाखवलं की माणसं पळतात. ३५ मिमी रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. १००० फुटांचं रीळ १६ नं १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ नं जेमतेम ११ मिनिटं. पण 'मूळ वेग' असा एकच आकडा नसतोच. पाठलागाला कॅमेरामन मुद्दाम हात मंद ठेवायचा, फ्रेम कमी पडायच्या, म्हणजे पडद्यावर धांदल वाढायची. थिएटरवालेही अनेकदा चित्रणापेक्षा जलद दाखवत. सरसकट १६ वर आणलंत तर धांदलच मरते.

पडदा_पांढरा: आधी प्रत तपासा. २४ फ्रेमची फाइल थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवा (यूट्यूबवर पूर्णविरामाची कळ). दर चार फ्रेमपैकी दोन हुबेहूब सारख्या निघाल्या, तर १८ चं २४ आधीच केलेलं आहे. तिला हात लावू नका. एकही फ्रेम दुबार नसेल आणि माणसं पळत असतील तर ०.७५ ठेवा, म्हणजे १८ होतात. संगीत मागाहून जोडलेलं असतं, ते बंद केलेलं बरं.

दुसरी कसोटी पडणाऱ्या वस्तूची. ५ मीटरवरून पडायला १ सेकंद लागतो. १६ नं चित्रित केलेलं २४ नं दाखवलं तर ०.६७ सेकंदातच जमीन गाठली जाते, आणि माणूस बाहुलीसारखा बिनवजनाचा वाटतो. कीटनच्या पडण्यात वजन दिसायलाच हवं, नाहीतर उरतं काय?

रीळवेडा: वेगवान प्रतीत दुबार फ्रेम नाहीत. ०.७५ वर चालणं सरळ झालं, पण वादळात घर गरगरतं तो भाग ओढल्यासारखा वाटतो.

सोळा_फ्रेम: तिथे ०.८५ करून बघा, साधारण २० फ्रेम. शेवटी घर रुळांवर अडकतं त्या प्रसंगाला मात्र पुन्हा ०.७५. पहिली गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते, नवरा-बायको सुटकेचा श्वास टाकतात, आणि उलट दिशेनं दुसरी येऊन घराचा चुरा करते. तो श्वास पुरता दिसला नाही तर दुसऱ्या गाडीचा धक्का बसत नाही.