मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया आरएसचं (१.८ टर्बो) इंजिन बसलंय, सव्वा लाखात उभं करायचंय

पंचगंगाकाठ | शुक्रवार, रात्री ९.४०

गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल. इंजिन गेलं. खोलून ठेवलंय. हातात सव्वा लाख आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. पिस्टन-रिंगचा सेट कुठला घालू? आणि फोर्ज्ड (जास्त ताकदीचे) कनेक्टिंग रॉड बाहेरून मागवले तर परवडेल का? उद्यमनगरातला क्रँक ग्राइंडिंगवाला सोमवारी माल आणून टाका म्हणतोय, म्हणजे रविवारपर्यंत ठरवायचंय. हे इंजिन ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी सांगा. 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

गजनपिन | रात्री १०.०५

'इंजिन गेलं' म्हणजे काय झालं? बेअरिंग वाजलं, पिस्टन वितळला, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, की टाइमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले? चारही दुखणी वेगळी आणि चारहींचा खर्च वेगळा. इंजिन कोड काय आहे? टाइमिंग कव्हरच्या स्टिकरवर असतो, नाहीतर ब्लॉक गिअरबॉक्सला भिडतो तिथे ठोकलेला सापडेल. क्रँक हाताने फिरते का? ऑइलचा लाल दिवा आधी लागला होता का? रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं) आहे का? चेंबर (खालची ऑइलची परात) उतरवल्यावर स्ट्रेनरमध्ये, म्हणजे ऑइल पंपाच्या तोंडाच्या जाळीत, काय निघालं? पिस्टन कुठला, हा सगळ्यात शेवटचा प्रश्न.

डिझेलवेडा | रात्री १०.२०

त्याच गाडीत १.९ टीडीआय डिझेल इंजिन बसतं. इंजिन माउंट जवळजवळ सारखे आहेत. एकदाच करा, अ‍ॅव्हरेज पण मिळेल.

गजनपिन | रात्री १०.२६

@डिझेलवेडा, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, टाकी, फ्युएल लाइन, गिअरबॉक्सची गुणोत्तरं, सगळं बदलावं लागतं, आणि आरसीवर इंधन बदलून घेणं हे वेगळंच काम. सव्वा लाखात नाही होत. त्यांनी विचारलेलंही नाही.

पंचगंगाकाठ | रात्री १०.४८

कोड एयूएम. क्रँक फिरते, पण एका जागी अडकून मग सुटते. तिसऱ्या सिलिंडरचा बिग एंड शेल (रॉड आणि क्रँकमधलं बेअरिंग) फिरलाय, दोन्ही पाकळ्या एकावर एक चढल्यात. बाकी सगळं ठीक आहे. रॉडचं सांगा की.

भोसरीकर | रात्री ११.१०

सरळ वापरलेलं इंजिन आणा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर अख्खी असेंब्ली मिळते, चार दिवसांत गाडी रस्त्यावर. बांधायला बसलात की सव्वाचे अडीच लाख होतात, हे लिहून ठेवा.

दहाथाऊ | शनिवार, सकाळी ६.५५

@भोसरीकर, वापरलेलं इंजिन म्हणजे दुसऱ्याचा स्ट्रेनर विकत घेणं. चेंबर उतरवून आतलं दाखवायला विकणारा तयार असेल तर घ्या. कॉम्प्रेशन टेस्ट पुरेशी नाही, त्यात बेअरिंगची अवस्था कळतच नाही.

धागाकर्त्यांना: 'बाकी सगळं ठीक' हे मोजून म्हणताय की बघून? जर्नलवरून (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) नख फिरवा. नख अडकलं तर ग्राइंडिंग नक्की. आणि गजनपिन यांनी विचारलेल्या सहातल्या तीन प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

पंचगंगाकाठ | सकाळी ८.१५

नख अडकतंय, तिसऱ्यावर चांगलंच. रीमॅप आधीच्या मालकाने केलेला आहे, किती बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) ते माहीत नाही. लाल दिवा जोरात वळण घेताना लुकलुकायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. स्ट्रेनरची जाळी पाऊण बंद आहे. वर काळी घट्ट साय आणि तिच्यात नारिंगी प्लॅस्टिकचे बारीक चुरे. हे कुठून आले?

गजनपिन | सकाळी ८.४०

तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते चुरे डिपस्टिकच्या नळीवरच्या नारिंगी नरसाळ्याचे आहेत. उष्णतेने ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं आणि दरवेळी डिपस्टिक ओढताना थोडं थोडं तुटून चेंबरमध्ये पडतं. जुन्या ऑइलचा कोळसा आणि हे तुकडे मिळून जाळी बुजली. वळणावर ऑइल एका बाजूला सरकलं की पंपाला उरलेल्या पाव जाळीतून पुरेसं मिळेना, दिवा लुकलुकला, आणि रीमॅपचा कमी आरपीएमवरचा टॉर्क कोरड्या शेलवर आदळला. रॉड कमजोर होता म्हणून हे झालं नाही. म्हणून फोर्ज्ड रॉड डोक्यातून काढा. मूळ छोट्या टर्बोवर, मूळ फाइलवर चालवणार असाल तर मूळ रॉड पुरतात. ते पैसे ऑइलच्या वाटेवर लावा.

शेल फिरला म्हणजे त्याचा चुरा सगळ्या वाटांनी फिरला. फिल्टर वाचवतो हे अर्धंच खरं, कारण फिल्टर तुंबला की बायपास उघडतो आणि गाळ न गाळता पुढे जातो. त्यामुळे हे नवंच घ्या: ऑइल पंप (रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कण अडकतात), त्याची चेन आणि टेन्शनर, स्ट्रेनर, फिल्टरच्या वर बसणारा ऑइल कूलर, टर्बोची ऑइल फीड लाइन, डिपस्टिकचं नरसाळं. ऑइल कूलर धुऊन वापरायचा मोह होतो. तो आतून चक्रव्यूह आहे, कण हमखास राहतात आणि नव्या शेलवर येऊन बसतात. फीड लाइन एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाते आणि आतून कोळशाने अरुंद होते. तार घालून साफ केली की कोळशाची पापडी सुटून टर्बोच्या बुशमध्ये जाते, त्यापेक्षा नवी बरी.

टर्बोची शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, पण चाक हाउसिंगला घासलं असेल किंवा पुढे-मागे ढकलल्यावर जाणवेल इतका खेळ असेल तर कार्ट्रिज (टर्बोचा मधला फिरता गाभा) बदला. इंटरकूलर आणि त्याचे पाइप केरोसिनने धुऊन रात्रभर निथळत ठेवा.

जुनंइंजिन | सकाळी ९.३०

माझं स्पष्ट मत, अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० घाला. आपल्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही. जाड ऑइल, जास्त दाब, बेअरिंग सुरक्षित.

दहाथाऊ | सकाळी ९.५२

@जुनंइंजिन, दाब आणि प्रवाह एकच नव्हे. थंड इंजिनात २०डब्ल्यू-५० चा दाब गेजवर छान दिसतो, पण टर्बोच्या बारीक फीड लाइनमधून आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलवर चालणारे पेले) ते उशिरा पोचतं. टर्बोला पहिल्या काही सेकंदांतच ऑइल हवं. या इंजिनाला ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, व्हीडब्ल्यू ५०२.०० मानकाचं. बेअरिंगचा खेळ (फट) बरोबर ठेवलात तर दाब आपोआप येतो. खेळ वाढलेला असताना जाड ऑइल घालणं म्हणजे दुखणं झाकणं.

जुनंइंजिन | सकाळी १०.०५

मग १०डब्ल्यू-६० तरी घ्या. रेसिंगमध्ये वापरतात.

गजनपिन | सकाळी १०.११

रेसिंगमध्ये खेळ मुद्दाम मोठा ठेवतात. इथे तो विषयच नाही. मशीनिंगवर बोलूया, सोमवार जवळ आला आहे.

दहाथाऊ | सकाळी १०.५०

ग्राइंडिंगवाल्याला काय सांगायचं ते नीट लिहून न्या. एयूएमचा रॉड जर्नल स्टँडर्ड ४७.८० मिमीचा, प्रत्यक्षात ४७.७५८ ते ४७.७७८. पहिला अंडरसाइझ (घासून कमी केलेलं माप) ०.२५, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत दहा थाऊ (इंचाचे हजारांश). तेव्हा तयार माप ४७.५०८ ते ४७.५२८ यायला हवं. चारही रॉड जर्नल एकाच मापाला करा, शेल सेटमध्येच येतात. मेन जर्नल (स्टँडर्ड ५४ मिमी) गुळगुळीत असतील आणि मापात असतील तर नुसते पॉलिश, ग्राइंडिंगचा खर्च वाचतो. आधी शेल हातात घ्या, मग क्रँक घासा. उलटं केलं आणि त्या मापाचे शेल बाजारात नसले तर क्रँक वाया.

तीन गोष्टी ग्राइंडिंगवाले घाईत विसरतात. जर्नलच्या कडेची गोलाई मूळ त्रिज्येची ठेवायची, काटकोनी केली तर तिथूनच क्रँक तडकते. ऑइलच्या भोकाची धार मोडून घ्यायची, नाहीतर ती नव्या शेलला खरवडते. आणि फ्लायव्हीलच्या बाजूच्या सेन्सर चाकाला पाना लावू द्यायचा नाही. ते डगमगलं तर गाडी चालू होईल, पण चुकत राहील, आणि दोष कुठे ते महिनाभर सापडणार नाही.

तिसरा रॉड फेकून द्या. शेल आत फिरला की बिग एंडचं भोक लांबट होतं, आणि बहुतेक निळसर पडलेलं दिसेल. वापरलेला एक रॉड आणा, वजन उरलेल्या तिघांशी जुळवून, कॅप त्याचीच असलेला. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) १९ आणि २० मिमी अशा दोन्ही मापांत येते, व्हर्नियर लावूनच घ्या.

कागदोपत्री | सकाळी ११.२०

गाडी २००५ ची असेल तर पंधरा वर्षं होऊन गेली. आरसी नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं, त्याला फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. ब्लॉक बदललात तर इंजिन नंबर बदलतो, त्याची आरटीओत नोंद केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. इन्शुरन्सवरही नवा नंबर चढवून घ्या.

पंचगंगाकाठ | सकाळी ११.३५

नूतनीकरण झालेलं आहे, ब्लॉक तोच ठेवतोय. मला पिस्टनचं सांगा, बोअरिंग करून (सिलिंडर मोठा कापून) ०.५० ओव्हरसाइझ घालायचे का? ग्राइंडिंगवाला म्हणतो करूनच टाका, एकदाच काय ते.

भोसरीकर | दुपारी १२.००

करूनच टाका. इंजिन उघडलंय तर अर्धं काम कशाला ठेवायचं? नवे पिस्टन, निर्धास्त.

दहाथाऊ | दुपारी १२.२५

मोजल्याशिवाय अजिबात नाही. स्टँडर्ड बोअर ८१.०१, पहिला ओव्हरसाइझ ८१.५१. डायल बोअर गेज घेऊन वरून १० मिमीवर, मध्ये आणि खालून १० मिमीवर, प्रत्येक ठिकाणी लांबीच्या आणि आडव्या दिशेला मोजा. ब्लॉक इंजिन स्टँडला टांगलेला असताना मोजू नका, तो थोडा पिळला जातो आणि माप चुकतं. टेबलावर ठेवा. ०.०८ च्या आत घसारा असेल तर होनिंग (सिलिंडरची हलकी घासणी) आणि नव्या रिंग पुरे. चार पिस्टनचे आणि बोअरिंगचे पैसे वाचतात, त्यात पंप आणि ऑइल कूलर येतात. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फटीचं माप घ्या: कॉम्प्रेशन रिंगला ०.२० ते ०.४० मिमी. टर्बोला ०.३० च्या खाली ठेवू नका, गरम झाल्यावर टोकं भिडली तर पिस्टनची कडाच निखळते.

पंचगंगाकाठ | संध्याकाळी ६.१०

मोजलं. सर्वांत मोठी मापं क्रमाने ८१.०२, ८१.०३, ८१.०४, ८१.०२. पिस्टनच्या स्कर्टवर ओरखडे नाहीत. तिसरा जर्नल ४७.६१, आणि त्यात ०.०६ चा लंबगोल. तिसरा रॉड खरंच निळा आहे.

दहाथाऊ | संध्याकाळी ६.३५

मग बोअरिंग नको. होनिंग, नव्या रिंग, पिस्टन जुनेच. स्कर्टवरचा करडा लेप तारेच्या ब्रशने घासू नका. बसवताना डोक्यावरचा बाण टाइमिंग बेल्टकडे. जर्नल ०.२५ मध्ये निघायला हवा, जेमतेम. ४७.५२ ला आल्यावरही चरा दिसला तर ०.५० ला जावं लागेल, म्हणून शेल परत घेणाऱ्या दुकानातूनच आणा.

गजनपिन | संध्याकाळी ७.२०

आता जोडणी. होनिंगनंतर ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढा, लांब ब्रश, गरम पाणी आणि साबण, मग कॉम्प्रेसरची हवा. पांढरा कपडा बोअरमधून काळा न होता निघेपर्यंत धुवा, आणि लगेच ऑइल चोळा, उघड्या बिडाला काही मिनिटांत गंज चढतो. क्रँकची तिरकी भोकंही तशीच.

प्रत्येक रॉड जर्नलवर प्लॅस्टिगेज (फट मोजायची प्लॅस्टिकची बारीक तार) ठेवा. त्यासाठी जुने रॉड बोल्ट वापरा, ३० एनएमवर (बोल्ट आवळायच्या जोराचं माप) थांबा, पुढे फिरवू नका. ०.०४ ते ०.०५ च्या आसपास आलं की छान. शेवटची जोडणी नव्या बोल्टने: रॉड ३० एनएम आणि ९० अंश, मेन ६५ एनएम आणि ९० अंश, हेड ४० एनएम, मग ९० अंश, परत ९० अंश. हेड बोल्ट ताणले जाणारे आहेत, दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत. हेडचा फेस काढायचा (तळ घासून सपाट करायचा) तर उंची १३९.२ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. कॅमचेन बसवताना दोन खाचांमध्ये १६ रोलर मोजा. टाइमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप याच वेळी, पंपाचं चाक धातूचं बघून.

टॅपेट नवे घातलेत तर अर्धा तास थांबा. ते खाली बसायच्या आत स्टार्टर मारला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. आधी पान्याने दोन पूर्ण फेरे, अडकलं तर थांबायचं.

जुनंइंजिन | संध्याकाळी ७.३१

टॅपेट धुऊन पण चालतात. वीस टॅपेटचा खर्च कशाला?

गजनपिन | संध्याकाळी ७.४४

एरवी हो. पण इथे शेलचा चुरा फिरलाय. टॅपेटच्या आतल्या झडपेत कण अडकला की तो टॅपेट वाजतच राहतो. बजेट खरंच संपलं तर जुने, क्रम न बदलता, आणि वाजणारे नंतर बदलायचे. टाइमिंग बेल्ट उतरवून वरचं कव्हर आणि कॅम काढले की हे उघडतं, म्हणून हे एक काम मागे ठेवता येतं. पंप, कूलर, फीड लाइन मागे ठेवता येत नाहीत.

पंचगंगाकाठ | रात्री ८.०५

टॅपेट मागे ठेवतो. रॉडही रद्द. पहिल्यांदा चालू कसं करायचं? आणि रीमॅप काढायचाच का?

गजनपिन | रात्री ८.३०

रीमॅप काढाच, निदान पहिले १,००० किलोमीटर मूळ फाइल. ऑइल भरून फिल्टरही भरून लावा. टर्बोच्या फीडमध्ये ऑइल ओतून चाक हाताने फिरवा. चारही प्लग काढा, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थांबा. दिवा विझून गेजवर दाब दिसला की मगच प्लग लावा. गेज उसना आणा, पण आणा. तापलेल्या इंजिनला २००० आरपीएमवर निदान ३ बार दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर चालवू नका, चेंबर परत उतरवा.

५० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उघडून बघा. काळं चालेल, चमक (धातूचा चुरा) दिसली तर फोटो इथे टाका.