पी-क्यू थिअरी खरंच बाद झाली का?

मकरपुरा_पॅनेल: "पी-क्यू १९८३ची, आता परीक्षेपुरतीच. ॲक्टिव्ह फिल्टरला डी-क्यूच लावा." कालची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना. ॲक्टिव्ह फिल्टर म्हणजे लोडमुळे करंटमध्ये शिरलेले हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतली विकृती) उलटा करंट सोडून मारणारं यंत्र; किती करंट सोडायचा ते काढायच्या पी-क्यू आणि डी-क्यू या दोन पद्धती. पी-क्यू, म्हणजे जपानी संशोधक आकागींची पद्धत, क्षणाक्षणाच्या पॉवरवरून हिशेब करते, तिला पीएलएल (व्होल्टेजचा कोन पकडणारी व्यवस्था) लागत नाही. डी-क्यू व्होल्टेजबरोबर फिरणाऱ्या अक्षांवर करंट मोजते, तिला तो कोन लागतो. व्होल्टेजला नॉच (क्षणिक खाचा) पडले, फेज असमतोल झाले की तोच कोन डोलतो. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) स्वच्छ साइन वेव्ह कोणाकडे येते?

रावपुरा_कंट्रोल: पोस्ट माझीच. अहो, घाणेरड्या व्होल्टेजवर पी-क्यूच आधी फसते! मोजलेलं व्होल्टेज पॉवरच्या गुणाकारात थेट जातं. ते वाकडं, की रेफरन्स करंटही (फिल्टरने सोडायचा करंट) वाकडा. डी-क्यूत फंडामेंटल (मूळ ५० हर्ट्झ) डीसी होतो, पाचवा आणि सातवा हार्मोनिक दोन्ही ३०० हर्ट्झवर येतात, लो-पासने सरळ वेगळे निघतात. पीएलएल नीट ट्यून करा, उगाच पद्धतीला बोल लावू नका.

मकरपुरा_पॅनेल: ट्यून म्हणजे बँडविड्थ कमी, आणि मग फेजने उडी मारली की सावरायला उशीर. ते का लपवता? आधी पॉझिटिव्ह सिक्वेन्स (व्होल्टेजचा समतोल भाग) गाळून घेतला की पी-क्यू उत्तम चालते.

रावपुरा_कंट्रोल: आणि गाळणार कशाने? बहुतेक जण पीएलएलच लावतात. वाद संपला.

मांजलपूर_मेंटेनन्स: कोनाचं पुराण पुरे. आमच्या एक्स्ट्रूडर लाइनवर फिल्टर लावला की एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल) गुणगुणायचं, फ्यूज उडायचे. कपॅसिटरला रिॲक्टर (हार्मोनिक अडवणाऱ्या कॉइल) नव्हते. वर लोडच्या सीटीत (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) कपॅसिटरचाही करंट येत होता, फिल्टर त्यालाच लोड समजून भरपाई करत सुटला. पुरवठादाराचं एकच पालुपद, "सॉफ्टवेअर अपडेट करू". सीटीची जागा बदलली, ७ टक्क्यांचे रिॲक्टर घातले, तेव्हा कुठे शांत झालं.

रावपुरा_कंट्रोल: हा इन्स्टॉलेशनचा दोष. कंट्रोलशी काय संबंध?

मांजलपूर_मेंटेनन्स: संबंध कसा नाही? ७ टक्क्यांच्या रिॲक्टरने कपॅसिटरचं ट्यूनिंग १८९ हर्ट्झवर येतं, पाचव्या हार्मोनिकच्या (२५० हर्ट्झ) खाली. ते न बघता फिल्टर विकणाऱ्यांना कॅबिनेटसमोर उभं करायला हवं. फ्यूज बदलायला रात्री आम्ही जातो, तुम्ही नाही.

सयाजीबाग_ईई: काका, रेफरन्सवर भांडताय आणि करंट लूप (रेफरन्सप्रमाणे खरा करंट घडवणारा भाग) विसरलात. १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला एका सॅम्पलचा उशीर म्हणजे १०० मायक्रोसेकंद. तेराव्या हार्मोनिकला तो २३ अंशांवर जातो! रेफरन्स कितीही अचूक असो, भरपाई चुकीच्या जागी पडते.

मकरपुरा_पॅनेल: म्हणून तर हिस्टेरिसिस लावा, करंट ठरल्या पट्ट्याबाहेर गेला की लगेच स्विच.

सयाजीबाग_ईई: मग स्विचिंग फ्रिक्वेन्सी भटकते, रिपल फिल्टर (स्विचिंगची खरखर गाळणारा) कुठल्या आकड्यावर बेतणार?

रावपुरा_कंट्रोल: उशिराचं म्हणणं मान्य, तेवढंच. प्रत्येक हार्मोनिकला वेगळी फ्रेम (त्याच्याबरोबर फिरणारे अक्ष) घ्या, कोन आगाऊ पुढे सरकवा. ते डी-क्यूतच सोपं.

मांजलपूर_मेंटेनन्स: आणि सीटी कुठे बसवायचा, ते अजून कोणीच लिहिलं नाही.