ग्राफीनची पट्टी: रुंदीइतकीच कडही महत्त्वाची

ग्राफीनची (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराची) पट्टी अरुंद केली की बँडगॅप (इलेक्ट्रॉनना मनाई असलेला ऊर्जेचा टप्पा) उघडतो आणि तिचा ट्रान्झिस्टर नीट बंद होतो, असं म्हणतात. ते बरोबर आहे, पण कडा विसरून चालणार नाही. ऑक्सिजन प्लाझ्मानं कापलेल्या पट्टीची कड अणूंच्या पातळीवर खडबडीत निघते. २००७ साली कोलंबिया विद्यापीठात मोजलेल्या अशा पट्ट्यांत गॅप रुंदीप्रमाणे बदलला, पण पट्टी ग्राफीनच्या अणूंच्या जाळीत कोणत्या दिशेनं कापली याचा फरकच दिसला नाही. कडेचे दोष आणि खालच्या सिलिकॉन डायऑक्साइडमध्ये अडकलेले प्रभार मिळून पट्टीचे छोटे छोटे क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन अडकून राहतात अशी सुटी बेटं) करतात. इलेक्ट्रॉन मग सलग न वाहता एकातून दुसऱ्यात उडी मारतात.

तपासायचं तर नमुना ४ केल्विनपर्यंत थंड करा, गेट (प्रवाह नियंत्रित करणारं टोक) आणि सोर्स-ड्रेन (ज्या दोन टोकांमधून प्रवाह वाहतो ती) व्होल्टेज दोन्ही बदलत प्रवाह मोजा. कूलोम डायमंड (या मोजणीच्या आलेखातले, प्रवाह अडलेले हिऱ्याच्या आकाराचे भाग) एकमेकांत घुसलेले आणि शून्य सोर्स-ड्रेन व्होल्टेजलाही न मिटणारे दिसले, तर मोजलेला गॅप निव्वळ बँडगॅप नव्हे.

स्वच्छ कडेसाठी सोन्यावर रेणू जोडून पट्टी वाढवतात: सुमारे २०० अंश सेल्सिअसला रेणूंची साखळी बनते, ४०० ला तिची पट्टी. ती उचलून इन्सुलेटरवर ठेवावीच लागते, नाहीतर प्रवाह सोन्यातूनच जातो.