शैली कोणतीही असो, आपल्या भागातल्या योगशिक्षकांनी एकत्र बसायला हवं की नको? (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव आहे.)

पहाटेची बॅच, लातूर

बारा वर्षं वर्ग घेते. सकाळी साडेपाचची एक बॅच आणि दुपारी तीनची बायकांची. मागच्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मला चार आठवडे संभाजीनगरला राहावं लागलं. तेवढे दिवस माझ्या दुपारच्या बायकांना सांभाळील असं एक माणूस मला अख्ख्या लातुरात मिळालं नाही. तसे आमच्याच रस्त्याला दोन वर्ग आहेत. एकानं सरळ सांगितलं, "ताई, तुमची पद्धत वेगळी, आमची वेगळी, बाया गोंधळतील." दुसरीकडं विचारायचं मलाच धाडस झालं नाही. तिकडं गेलेल्या परत येतील का, ही भीती. मी आले तेव्हा २६ जणींतल्या ११ उरल्या होत्या. बाकीच्या दुसऱ्या वर्गाला गेल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. त्या घरी बसल्या होत्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी महिन्यातून एका रविवारी दोन तास एकत्र यावं. आधी एकमेकांसमोर सराव, मग ज्याला जो विद्यार्थी अवघड जातोय त्याच्याबद्दल बोलणं, आणि कुणाच्या घरी अडचण आली तर त्याचा वर्ग कोण घेणार ते ठरवून ठेवणं. पदाधिकारी नकोत, बॅनर तर नकोच.

शैलीचं म्हणाल तर मी बिहारमधल्या मुंगेरच्या योगविद्यालयाच्या परंपरेत शिकले. सांध्यांची पवनमुक्तासन मालिका हा माझा पाया. पण ज्या दोन शैलींवरून आपल्याकडं जास्त ताणाताण होते, त्या अय्यंगार आणि अष्टांग विन्यास, दोन्ही एकाच गुरूच्या हाताखालून निघाल्या. म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडं बी. के. एस. अय्यंगारही शिकले आणि पट्टाभी जोइसही. एका घरातली माणसं एका सतरंजीवर बसू शकत नाहीत, हे मला पटत नाही.

दोरी-खुर्ची, नांदेड

ताई, तुमची अडचण खरी आहे. पण तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. गुरू एक असूनही त्या दोघांनी आपापल्या वाटेत भेसळ केली नाही. अय्यंगार गुरुजी १९३७ साली सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला आले आणि तिथलेच झाले. एक आसन शरीरात कसं बसतं हे पाहण्यात त्यांनी पुढची सत्तरहून जास्त वर्षं घातली. त्यातून शैली तयार झाली. ती एका रविवारी दोन तासांत वाटून घ्यायची गोष्ट नाही.

सर्वांगासनाचंच घ्या. आमच्या अय्यंगार पद्धतीत खांद्याखाली घोंगड्यांच्या घड्या रचतात. खांदे घडीवर, डोकं खाली जमिनीवर. मानेचे मणके दबत नाहीत, कंठ मोकळा राहतो. घडीची दुमड कुठल्या बाजूला हवी हेही ठरलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं एक बँकेतले गृहस्थ आले. त्यांनी तीन ठिकाणी थोडं थोडं शिकलेलं. एका शिक्षकानं सपाट जमिनीवर सर्वांगासन करायला लावलं, दुसऱ्यानं त्यातूनच हलासनात जा म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं व्हिडिओ पाठवला. माझ्याकडं आले तेव्हा मान डावीकडं वळत नव्हती. आठ महिने मी त्यांना भिंत, खुर्ची आणि दोरी यांपलीकडं काहीही दिलं नाही.

तिघंही शिक्षक आपापल्या जागी प्रामाणिक होते. चूक मिसळण्यात होती. म्हणून तुमच्या बायका त्या चार आठवड्यांत घरी बसल्या, हेच मला बरं वाटतं.

विद्यार्थिनी, जालना

घरी बसल्या हे बरं? सर, माफ करा, पण मी अशीच घरी बसलेली आहे. आमच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि वर्ग बंद पडला. तीन आठवडे मी घरी रोज केलं, मग दिवाळी आली, मग सुटलं ते सुटलंच. शुगर परत वाढली. दुसऱ्या पद्धतीच्या कुणी येऊन नुसता श्वास आणि शवासन जरी घेतलं असतं, तरी पहाटे उठायची सवय राहिली असती. आम्हाला शैलीचं नाव माहीत नसतं हो. बाईंचा आवाज माहीत असतो आणि वेळ माहीत असते.

निवृत्त मास्तर, परभणी

मी नऊ वर्षं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात पहाटे वर्ग घेतो, एक रुपया न घेता. शैलीवर मी बोलणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण हे एकत्र येणं शेवटी कशावर जाईल ते मला दिसतंय. आधी बैठक, मग संघटना, मग फीचा एकच दर, आणि मग फुकट शिकवणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागणार.

आपेगाव आपल्या पैठणजवळचं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीपर्यंतचा योग मराठीत मोकळा करून ठेवला, सातशेहून जास्त वर्षं झाली. जे ज्ञान आपल्याला असं मिळालं, त्याला महिन्याची पावती फाडणं माझ्या मनाला पटत नाही. शिक्षकाला आधार हवा तर तो गावानं द्यावा, शिक्षकांनी गट करून मागू नये.

पहाटेची बॅच, लातूर

काका, तुमच्या नऊ वर्षांना माझा मनापासून नमस्कार. पण तुमच्यामागं पेन्शन आहे. माझ्या हॉलचं भाडं महिन्याला ४५०० रुपये, आणि माझी फी ३०० रुपये. २६ जणी आल्या तर ७८०० होतात, ११ आल्या तर ३३००, म्हणजे भाडंही निघत नाही. शाळेत तुम्हीही पगार घेऊनच शिकवलंत, म्हणून तुमचं शिकवणं कमी पवित्र झालं असं कुणी म्हणालं नसेल.

गावानं आधार द्यावा म्हणता, तर गाव काय देतं तेही सांगते. २१ जूनच्या आठवड्यात मला पाच ठिकाणांहून फोन येतात. पंचेचाळीस मिनिटांचा शासनाचा ठरलेला क्रम घ्या, स्टेजवर प्रात्यक्षिकाला चार मुली आणा. शाल, नारळ, फोटो. रिक्षाचं भाडं माझं. मी एकटी आहे म्हणून "नाही" म्हणता येत नाही. मी नाही म्हटलं तर दुसरीला बोलावतील, आणि तिलाही भाडं देणार नाहीत.

विन्यास, संभाजीनगर

मी विरोधात आहे, पण नांदेडच्या सरांच्या कारणानं नाही.

आधी शैलीबद्दल. विन्यास म्हणजे तरुण पोरांच्या उड्या, असं आपल्याकडं पसरलंय, ते खोटं आहे. त्यात क्रम ठरलेला असतो. प्रत्येक आसनात पाच श्वास, आणि आसनातून बाहेर यायचं तेही श्वासावरच. मागचं आसन बसल्याशिवाय जुना शिक्षक पुढचं देत नाही. म्हैसूरच्या पद्धतीत प्रत्येकजण आपापल्या गतीनं करतो आणि शिक्षक फिरून एकेकाला हात लावतो. त्यामुळं बदली शिक्षकाला तो वर्ग सांभाळणं खरं तर सोपं जातं. भेसळीची भीती आहे तिथं आधी हे समजून घ्यायला हवं.

माझा विरोध अनुभवातून आहे. लग्नाच्या वेळी मी महिनाभर माझा वर्ग एका मैत्रिणीच्या हातात दिला. परत आले तेव्हा माझ्याच व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या नंबरांवर तिच्या नव्या बॅचची जाहिरात गेली होती, आणि हॉलवाल्यानं माझी सहाची वेळ तिला दिली होती. आम्ही एका ताटात जेवलेल्या. म्हणून सांगते, माया आहे, ओळख आहे, यावर हे चालणार नाही. आधी कागदावर लिहा. बदली शिक्षकानं विद्यार्थ्यांचे नंबर घ्यायचे नाहीत, सहा महिने त्याच भागात नवी बॅच काढायची नाही, आणि त्या दिवसांची फी कुणाची तेही ठरवायचं. असं लिहून काढणार असाल तर मी येईन. नुसतं "आपण सगळे एक" म्हणणार असाल तर नाही.

केज

हे सगळं वाचतेय आणि लिहू की नको करत होते. माझ्याकडं योगशिक्षकाचा दोनशे तासांचा कोर्स आहे, त्यापलीकडं काही नाही. गावातच शिकवते, शाळेच्या वरांड्यात. माझ्या बायका दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यामुळं माझा वर्ग उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतच.

पाच-सहा महिने डोक्यावर मोळ्या वाहून आलेली मान कशी असते ते कोणत्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. पहिल्या वर्षी मी उत्साहानं एकीला ताडासनात मान सरळ करायला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, ही मान आता अशीच हाय." हात लावून पाहिलं तर मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे ताठ. आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. माझ्या १८ जणींत सात जणींची गर्भाची पिशवी काढलेली आहे. त्यातल्या चौघी पस्तिशीच्या आत. एकीनं मला विचारलं, "टीव्हीवर ते पोट आत-बाहेर करतेत, ते मी करू का?" मला कपालभाती शिकवता येते. पण हिला शिकवू का, हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तिला "उद्या सांगते" म्हटलं, आणि घरी येऊन विचारायला कुणाचा नंबर आहे का ते शोधत बसले. नव्हता.

शैली शुद्ध ठेवायची की मिसळायची हा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नाही कधी. मला विचारायला एक माणूस हवा होता.

दोरी-खुर्ची, नांदेड

केजच्या ताई, तिला कपालभाती देऊ नका. पिशवी काढलेल्या बाईला नौली, उड्डियान, पोटावर जोर येणारं काहीही, ऑपरेशन करणाऱ्या किंवा दुसऱ्या चांगल्या डॉक्टरनं तपासून हो म्हटल्याशिवाय नको. ऑपरेशन जुनं असलं तरी विचारूनच. त्या मानांना शीर्षासन कधीच नको, आणि सर्वांगासनाचा तर विचारही नको. तोवर त्यांना पाठीवर झोपवा, पिंढऱ्या खाटेवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे काटकोनात, डोक्याखाली जुन्या लुगड्याची पातळ घडी. दहा मिनिटं. हनुवटी छताकडं जायला लागली तर घडी थोडी वाढवा. खुर्ची नसेल तर ज्वारीचं भरलेलं पोतंही चालतं, मी वापरून पाहिलं आहे.

आणि मान सरळ करायला सांगू नका. आधी खांदे. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, तळहात मांडीकडून बाहेर वळवायचे, बस. महिनाभर एवढंच.

हे मी एका शिक्षिकेच्या प्रश्नाला उत्तर दिलं. याचा अर्थ सगळ्या शैलींचा एकत्र सराव मला मान्य आहे असा नाही. तो अजूनही नाही.

केज

सर, मी हे वहीत लिहून घेतलं. पोतं आहे घरी.

पहाटेची बॅच, लातूर

नांदेडचे सर, मग एकत्र सराव काढून टाकते. ते माझ्या मनातलं होतं, पण तुमची मानेची गोष्ट वाचल्यावर माझा आग्रह राहिला नाही. रविवारी फक्त प्रश्न घेऊन बसू, प्रत्येकानं आपला एक विद्यार्थी घेऊन. संभाजीनगरच्या ताईंचे बदलीचे नियम मी या आठवड्यात लिहून काढते. फीचा विषय कुणी काढायचा नाही, हे परभणीच्या काकांसाठी पहिल्याच ओळीत.

निवृत्त मास्तर, परभणी

लिहिलंत तरी तो विषय निघणारच, ताई. माझं मत बदललेलं नाही. पण केजच्या मुलीची वर्गाची जागा म्हणजे शाळेचा वरांडा, पावसात तिथं पाणी येत असेल. तिच्या गावात देऊळ असेल तर सभामंडपासाठी पुजाऱ्यांशी मी फोनवर बोलतो. माझी त्या बाजूला ओळख आहे.

विन्यास, संभाजीनगर

कोणता रविवार? अंबाजोगाई धरा, केजलाही जवळ आणि लातूरलाही. दसऱ्याच्या आधीचा हवा, नाहीतर केजच्या ताईंच्या बायका निघून गेलेल्या असतील आणि आपण नुसतंच त्यांच्याबद्दल बोलत बसू.